गाडी बाहेर काढण्याआधी विम्याची तारीख बघा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या सगळ्या गाडीमालकांना ही कळकळीची विनंती आहे. ऊस हंगाम तोंडावर आलाय. दिवाळीला मुंबई-पुण्याची माणसं माण-खटावकडं येतील. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगलेली विटा, खानापूर, आटपाडीकडची कुटुंबं आपापल्या गाड्या घेऊन घर गाठतील. खंबाटकीच्या चढापासून आणेवाडी, तासवडे नाक्यांपर्यंत वाहनांच्या रांगा लागतील आणि कारखान्यांच्या वाटेवर उसाच्या जोडट्रॉल्या रात्रभर चालू राहतील. या गर्दीत उतरायच्या आधी आपल्या गाडीचा विमा आजच्या तारखेला चालू आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मुलानं सांगितलं, एजंट म्हणाला, शोरूमवाल्यानं सगळं करून दिलंय, यावर विसंबू नका.

हे इतकं ठासून सांगायचं कारण असं, की आपल्याकडच्या कित्येक मालकांना विमा संपल्याचा पत्ताच नसतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळं 1 सप्टेंबर 2018 पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा आणि नवी मोटार घेताना तीन वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळं दुसऱ्याला झालेल्या हानीच्या भरपाईचा, विमा एकदम काढावा लागतो. निर्णय चांगलाच होता, कारण दर वर्षी विमा काढायला माणसं विसरत होती. पण आता ती पाच वर्षं सरली आणि विसरण्याची पाळी पुन्हा आली. समजा, तुम्ही 2020 च्या दसऱ्याला, 25 ऑक्टोबरला, मोटारसायकल घेतलीत. पॉलिसीचा कागद उघडलात तर मुदतीच्या दोन वेगवेगळ्या ओळी दिसतील. आपल्या गाडीच्या नुकसानीसाठीचा भाग, ज्याला ओन डॅमेज म्हणतात, तो बहुधा 25/10/2020 ते 24/10/2021 असा एकाच वर्षाचा असेल. थर्ड पार्टीची ओळ 25/10/2020 ते 24/10/2025 अशी असेल. शोरूममध्ये कानावर पडलेलं ‘पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे’ हे वाक्य डोक्यात तसंच राहतं, कागद कपाटात जातो, आणि पाचवं वर्ष कधी संपलं ते घरात कुणालाच कळत नाही. गाडी मात्र रोज दूध घालायला, पोरांना क्लासला सोडायला, बाजाराला जातच असते.

दुसरं कारण दंडाचं आहे. विम्याविना गाडी चालवल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम 196 नुसार पहिल्यांदा 2,000 आणि पुन्हा सापडल्यास 4,000 रुपये दंड होतो. तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे, पण बहुतेकांचा संबंध ई-चलानाशीच येतो. दोन हजार भरले की विषय मिटला, असा त्यामुळं समज झालाय. खरा हिशेब वेगळाच आहे. तो अपघात झाल्यावर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढं उलगडतो, आणि तिथं सवलत नसते.

हा हिशेब एकदा आकड्यांत बघा. तुमच्या मोटारसायकलच्या धडकेत एक गवंडी दगावला असं धरा. वय 32, महिन्याची कमाई 15,000, मागं बायको, दोन लेकरं आणि म्हातारी आई. सर्वोच्च न्यायालयानं 2009 च्या सरला वर्मा आणि 2017 च्या प्रणय सेठी निकालांत घालून दिलेली रीत देशभरातली न्यायाधिकरणं वापरतात. वर्षाची कमाई 1,80,000. चाळिशीच्या आतल्या, स्वतःच्या हिमतीवर कमावणाऱ्या माणसाची कमाई पुढं वाढली असती म्हणून त्यात 40 टक्के मिळवायचे, म्हणजे 2,52,000. त्याच्यावर चार माणसं अवलंबून होती, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करायचा, उरले 1,89,000. बत्तिसाव्या वर्षाला गुणक 16. झाले 30,24,000. अंत्यविधीचा खर्च, घरच्यांच्या मायेच्या छत्राची भरपाई आणि अर्ज केल्या दिवसापासूनचं व्याज यावर वेगळं. एका गवंड्याच्या घराला देणं लागलेली ही किमान रक्कम आहे, आणि त्या घराचं काय गेलं ते या आकड्यांतही मावत नाही.

विमा चालू असेल तर हे सगळे पैसे कंपनी भरते. थर्ड पार्टीच्या भागात मृत्यू आणि दुखापतीच्या भरपाईला वरची मर्यादाच नाही. आणि त्यासाठी काय मोजावं लागतं? जून 2022 पासून लागू झालेल्या दरपत्रकात 75 ते 150 सीसीच्या दुचाकीला वर्षाचे 714 रुपये आहेत, जीएसटी धरून साडेआठशेच्या आत. हजार सीसीपर्यंतच्या मोटारीला 2,094, हजार ते पंधराशे सीसीला 3,416 रुपये आणि वर जीएसटी. साडेआठशे वाचवायला गेलो आणि तीस लाख अंगावर आले, असा हा व्यवहार आहे.

विमा नसेल तर न्यायाधिकरण हुकूम करतं तो गाडीच्या मालकावर. ‘माझ्याकडं पैसेच नाहीत’ असं सांगून सुटका होईल असं अनेकांना वाटतं. कायद्याचं कलम 174 वाचा. न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडं वसुलीचा दाखला पाठवू शकतं आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. म्हणजे विषय थेट सातबाऱ्यावर येतो. वडिलांच्या नावावर गाडी असेल आणि ते हयात नसतील, तरी त्यांनी मागं ठेवलेल्या मालमत्तेपुरता हुकूम वारसांपर्यंत पोचतो. अपघातातली विमा नसलेली गाडीही सहजी सुटत नाही. भरपाईला पुरेल एवढं तारण मालकानं दिलं नाही तर तिचा लिलाव करून पैसे न्यायाधिकरणात जमा करावेत, असा नियम सर्व राज्यांनी करावा, हे सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्येच सांगितलंय.

पण मालकापेक्षाही मोठा अन्याय त्या जखमी माणसावर होतो, आणि हे लिहिण्यामागचं मुख्य दुखणं तेच आहे. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही तर 1 एप्रिल 2022 पासूनच्या केंद्राच्या योजनेतून मृत्यू झाल्यास 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50,000 रुपये मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडं करायचा. गाडी सापडली, मालकही ठाऊक आहे, पण विमा नाही, अशा वेळी हे दार बंद. 2025 च्या कॅशलेस उपचार योजनेतून पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत उपचार होतील. मांडीचं हाड मोडलेल्या ऊसतोड मजुराला सात दिवसांत काय होतंय? पुढचे सहा महिने त्याचं घर कशावर चालायचं? त्याला वर्षानुवर्षं तुमच्या दारात आणि कोर्टात खेटे घालावे लागतात, आणि हाती पडेल ते तुमच्या ऐपतीवर अवलंबून राहतं. कायद्यानं विमा सक्तीचा केला तो याच माणसासाठी.

‘गाडी गावातच फिरवतो, हायवेला कुठं जातोय’ हे उत्तर दोन्ही जिल्ह्यांत सारखं ऐकायला मिळतं. गावची वेस ते मळा हा रस्ताही कायद्याच्या नजरेत सार्वजनिक जागाच आहे. अपघात काही फक्त महामार्गावर होत नाहीत. शाळा सुटायच्या वेळी गल्लीतून भरधाव जाणाऱ्या मोटारसायकलखाली पोर सापडतं, पहाटे फिरायला गेलेली म्हातारी माणसं सापडतात. वर्षातले दहा महिने घोंगड्याखाली झाकून ठेवलेली आणि जत्रेला बाहेर काढलेली गावाकडची दुचाकी ही सगळ्यांत धोक्याची. तिचा विमा कुणाच्याच लक्षात नसतो, आणि चालवतो तो बहुधा लायसन्स नसलेला भाचा.

उसाच्या वाहतुकीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडचा हंगामातला मोठा धोका तोच आहे. रेठऱ्याचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, साखराळ्याचा राजारामबापू, वाळव्याचा हुतात्मा, कुंडलचा क्रांती, वांगीचा सोनहिरा, या सगळ्या कारखान्यांच्या वाटा गावांमधून जातात. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामासाठी म्हणून काढलेला असतो आणि हंगामात तोच ट्रॅक्टर भाड्यानं ऊस ओढतो. अपघात झाला की वापर बदलला या मुद्द्यावर विमा कंपनी हात वर करायला बघते. ट्रॅक्टरचा विमा आहे पण मागच्या दोन ट्रॉल्यांचा पॉलिसीत उल्लेखच नाही, हेही नेहमीचं. तेव्हा करार करण्याआधी कंपनीला लेखी कळवा की हा ट्रॅक्टर भाड्याच्या ऊस वाहतुकीला वापरणार, आणि प्रत्येक ट्रॉली पॉलिसीत लिहून घ्या. हप्ता थोडा वाढेल, तो वाढू द्या. आणि ट्रॉलीत, टेम्पोत माणसं बसवू नका. तोडकऱ्यांची बायका-पोरं असोत नाहीतर लग्नाचं वऱ्हाड. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2002 च्या आशा राणी प्रकरणात स्पष्ट केलंय. पांढऱ्या पाटीची जीप वडापला लावणाऱ्यांनीही हे ऐकावं. खाजगी गाडीचा विमा काढून भाड्यानं माणसं नेली, तर अपघातानंतर तो कागद तुम्हाला तारणार नाही.

आता लायसन्सबद्दल, कारण त्यातही मोठा गोंधळ आहे. आपल्याकडं केवळ विमा नसल्याबद्दल लायसन्स आपोआप निलंबित होत नाही. ते निलंबित होतं ते अतिवेग, दारू पिऊन गाडी चालवणं, चालवताना मोबाइल, सिग्नल तोडणं, हेल्मेट नसणं, मालवाहू गाडीत माणसं कोंबणं अशा कारणांवरून. पोलीस लायसन्स ताब्यात घेऊन आरटीओकडं पाठवू शकतात. तुमचं म्हणणं ऐकून घेतल्यावर आरटीओ पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी ते थांबवू शकतं, पुन्हा तोच गुन्हा झाला तर रद्दच करू शकतं. सुनावणीची नोटीस आली तर जा. अनेक जण घाबरून जातच नाहीत आणि निर्णय त्यांच्या माघारी होतो. आदेश चुकीचा वाटला तर 30 दिवसांत अपील करता येतं. म्हणून आदेशाची प्रत मागून घ्या, त्यावरची तारीख जपून ठेवा.

तीन महिने संपले म्हणून लायसन्स आपसूक परत मिळत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर चालकाला उजळणीचं प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं, आणि ते झाल्याशिवाय लायसन्स परत द्यायचं नाही असं कायदा म्हणतो. त्याचा दाखला, आदेशाची प्रत आणि दंड भरल्याच्या पावत्या घेऊन आपल्या कार्यालयात जा. एमएच 11 वाल्यांनी साताऱ्याला, एमएच 50 वाल्यांनी कराडला, एमएच 10 वाल्यांनी सांगलीला, असं मात्र पाटीवरून ठरवू नका. ज्या कार्यालयानं आदेश काढला त्याच्याशीच बोला. निलंबनाच्या काळात लायसन्सची मुदतच संपत असेल तर तेही बघा. मुदत संपून वर्ष उलटलं की नूतनीकरणाला पुन्हा चाचणी द्यावी लागते. आणि या तीन महिन्यांत कुणी कितीही गळ घातली तरी स्टिअरिंगला हात लावू नका. अपात्र असताना गाडी चालवली तर कलम 182 खाली 10,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

इथं माणसं एक घोळ घालतात, तो टाळा. ‘लायसन्सच निलंबित आहे, मग विमा कशाला भरू’ म्हणून ते पॉलिसी संपू देतात. विमा गाडीचा असतो. तुमचं लायसन्स थांबलेलं असलं तरी थर्ड पार्टी पॉलिसी काढता येते आणि ती काढायलाच हवी, कारण घरातलं दुसरं कुणी ती गाडी चालवणारच. थांबतं ते मालक-चालकाचं 15 लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण, त्याला वैध लायसन्स लागतं. निलंबित लायसन्सवर तुम्हीच गाडी चालवून अपघात केलात, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी फेटाळेल. समोरच्याला कंपनी पैसे देईल, पण ते तुमच्याकडून वसूल करायचा हक्क तिला न्यायालय देऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयात स्वर्ण सिंग प्रकरणात 2004 मध्ये हीच दिशा ठरली. लायसन्स आणि विमा दोन्ही जागेवर असतील तरच तुम्ही सुरक्षित.

काही देशांत कायदाच ही दोन्ही एकमेकांना बांधतो; अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांना विचारा. तिथल्या बऱ्याच राज्यांत विम्याविना सापडलं की लायसन्सच निलंबित होतं. परत मिळवायला विमा कंपनीनं एसआर-22 नावाचं प्रमाणपत्र थेट राज्याकडं पाठवावं लागतं, बहुतेक ठिकाणी सलग तीन वर्षं ते चालू ठेवावं लागतं आणि मध्ये एक हप्ता चुकला तरी कंपनी सरकारला कळवते. ब्रिटनमध्ये विम्याविना गाडी चालवल्यास लायसन्सवर किमान सहा दंडगुण चढतात, आणि लायसन्स मिळून दोन वर्षं न झालेल्या चालकाचं लायसन्स तेवढ्यावर रद्द होतं. आपल्याकडं ही साखळी ढिली आहे. देशातल्या निम्म्याच्या आसपास गाड्यांना विमा नाही, ही बाब संसदीय समितीपुढंही आलेली आहे. माझं स्पष्ट मत आहे की दंड वाढवून फारसं काही साधणार नाही. पॉलिसी संपायच्या महिनाभर आधी मालकाच्या फोनवर सरकारचा संदेश यायला हवा आणि संपल्यावर पुन्हा यायला हवा. तो येईपर्यंत हे काम आपल्यालाच एकमेकांसाठी करावं लागेल.

पॉलिसी काढताना सावध राहा. व्हॉट्सॲपवर ‘निम्म्या पैशात इन्शुरन्स’ म्हणून येणारे कागद बनावट निघतात. दुचाकीची स्वस्त पॉलिसी काढून तीच मोटारीची म्हणून खपवण्याचे प्रकार देशभर उघड झालेत. पॉलिसीवरचा क्यूआर कोड स्वतः स्कॅन करा, कंपनीच्या नंबरवर फोन करून पॉलिसी क्रमांक पडताळा, काही दिवसांनी एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विम्याची तारीख दिसते का ते बघा. इंजिन आणि चॅसी क्रमांक आरसीशी जुळवा. चेक दिला असेल तर तो वटलाय याची खात्री करा. न वटलेल्या चेकवरची पॉलिसी रद्द होते. ओन डॅमेज संपून 90 दिवस उलटले तर साठवलेला नो क्लेम बोनस जातो आणि कंपनी आधी गाडीची पाहणी करते. अपघात झाल्यावर धावत जाऊन काढलेला विमा त्या अपघाताला लागू होत नाही, पॉलिसीवर वेळसुद्धा छापलेली असते. आणि जमत असेल तर थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज दोन्ही असलेली पॅकेज पॉलिसीच घ्या. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत तुमच्या मागं बसलेल्या बायकोच्या किंवा पोराच्या भरपाईवर वाद उभा राहतो.

गाडी विकली असेल तर तिकडंही नजर टाका. स्टॅम्प पेपरवर सह्या करून, पैसे घेऊन गाडी दिली आणि नाव बदलण्याचे फॉर्म 29, 30 भरलेच नाहीत, तर आरटीओच्या नोंदीत मालक तुम्हीच. 2018 च्या नवीन कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की नोंदणीत ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याची. तिसऱ्या माणसाच्या हातात विम्याविना फिरणारी ती जुनी गाडी तुमच्या जमिनीवर कधीही येऊ शकते. आजच ती कुठं आहे ते शोधा आणि नाव बदलून घ्या.

काही विनंत्या संस्थांनाही आहेत. कारखान्यांनी वाहतूक करार करताना ट्रॅक्टर आणि प्रत्येक ट्रॉलीची चालू पॉलिसी बघितल्याशिवाय सही करू नये. दुचाकीला कर्ज देणाऱ्या पतसंस्थांकडं खरेदीची तारीख असतेच, पाचवं वर्ष भरत आलेल्या सभासदांना त्यांनी एक फोन करावा. साताऱ्याचं यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट, कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, सांगलीचं विलिंग्डन यांसारख्या महाविद्यालयांनी पार्किंगचा पास देताना विम्याची तारीख विचारावी. गॅरेजवाल्यांनी सर्व्हिसिंगच्या पावतीवर ती लिहावी. याच साताऱ्यात 1913 साली अण्णासाहेब चिरमुल्यांनी वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली. विम्याचं काम या मातीला नवं नाही.

ज्यांच्या घरातलं माणूस विमा नसलेल्या गाडीखाली सापडलंय, त्यांच्यासाठी शेवटची विनंती. पोलीस ठाण्याच्या आवारात होणारी तडजोड घाईनं मान्य करू नका, कोऱ्या कागदावर सही देऊ नका. गाडीचा नंबर, एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत, दवाखान्याची प्रत्येक पावती आणि कमाईचा मिळेल तो पुरावा जमवा. वकील परवडत नसेल तर सातारा आणि सांगलीच्या जिल्हा न्यायालयांत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. महिलांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना उत्पन्न न विचारता तिथं मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. 15100 या क्रमांकावर फोन केला तरी माहिती मिळते. गाडी पोलिसांच्या ताब्यात असेल तर ती पुरेशा तारणाशिवाय सोडू नये, असा अर्ज पहिल्याच आठवड्यात करायला वकिलांना सांगा.